भुलीनंतरची जाग

१६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथर हुंगविले आणि जॉन वॉरन या शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. पुढल्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्मचा उपयोग दाखवून दिला. वेदनेचा प्रश्न सुटला. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा उभा राहिला. भुलीतून जागा झालेला माणूस पूर्वीचाच असतो काय?

१८८७ साली लंडनच्या बेथलेम रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज सॅव्हेज याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्या कारणाने तात्पुरता भ्रम होतो, त्यातूनच दीर्घकाळ टिकणारा मनोविकारही उद्भवू शकेल, असे त्याचे प्रतिपादन होते.

वृद्धांच्या संदर्भात या प्रश्नाला खरी धार आली ती १९५५ साली. शस्त्रक्रिया झाल्यापासून आमचे वडील पूर्वीचे राहिले नाहीत, ही नातलगांची तक्रार इंग्लंडमधील डॉ. बेडफर्ड यांनी कानांआड केली नाही. भूल दिलेल्या ११९३ रुग्णांची पाहणी करून त्यांनी आपले निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. भुलीची औषधे आणि उतरलेला रक्तदाब यांवर त्यांचा संशय होता. परंतु ही पाहणी मागाहून केलेली होती. शस्त्रक्रियेपूर्वीच्या बुद्धीचे माप हाती नसता, किती गमावले हे नेमके कसे ठरवावे?

ती उणीव १९९८ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने भरून काढली. साठ वर्षे वा त्यांहून अधिक वयाच्या १२१८ रुग्णांच्या स्मृतीची व अवधानाची परीक्षा शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही घेण्यात आली. आठवड्यानंतर २५.८ टक्के रुग्णांत मंदपणा आढळला. तीन महिन्यांनी हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रिया न झालेल्या समवयस्कांत ते त्या वेळी २.८ टक्के होते. म्हणजे नातलगांची तक्रार निराधार नव्हती. मात्र बहुसंख्य वृद्ध सावरतात, हेही तितकेच खरे ठरले. आणखी एक गोष्ट अनपेक्षित होती. प्राणवायूची उणीव किंवा उतरलेला रक्तदाब यांच्याशी या मंदपणाचा संबंध जुळला नाही. वाढते वय, भुलीचा दीर्घ अवधी, अल्प शिक्षण, दुसरी शस्त्रक्रिया आणि नंतरचा जंतुसंसर्ग यांच्याशी तो जुळला.

मग संपूर्ण भूल टाळून केवळ कमरेखालचा भाग बधिर करावा काय? २००३ मधील अभ्यासात तीन महिन्यांनंतर दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२१ साली खुब्याच्या अस्थिभंगाविषयी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांतही भ्रमाचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. एकट्या औषधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे त्यामुळे कठीण झाले. शस्त्रक्रियेचा आघात, शरीरातील दाह आणि मेंदूची आधीचीच दुर्बलता यांकडे संशोधकांची दृष्टी वळली.

या इतिहासातून निघणारा बोध व्यवहाराचा आहे. खुबा मोडलेल्या वृद्धाने भुलीच्या धास्तीने शस्त्रक्रिया नाकारली, तर अंथरुणाला खिळण्याचा धोका अधिक भयंकर असतो. उलट, भ्रम टाळण्याचे उपाय साधे आहेत: जाग येताच चष्मा व श्रवणयंत्र हाती देणे, पुरेसे पाणी, रात्रीची अखंड झोप, लवकर चालविणे, दिवस-वार सांगणारा ओळखीचा आवाज. आणि शस्त्रक्रियेपूर्वीच स्मृतीची परीक्षा करून ठेवली, तर घरच्यांच्या शंकेला नंतर प्रामाणिक उत्तर देता येते. १९५५ साली ज्या नातलगांचे शब्द ऐकले गेले, त्यांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.