एकादशीच्या पानातला पाहुणा

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण खरी करून दाखवण्यात तळलेल्या बटाट्याचा हात कोणी धरणार नाही. आमच्या नाशकात होळी झाली, की गच्च्यांवर जुन्या लुगड्यांवर बटाट्याच्या चकत्या आणि कीस वाळत पडतो. मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडलेल्या त्या चकत्या कडक उन्हात खुळखुळीत वाळल्या, की डब्यांत जातात. आषाढीला कढईत पडताच त्या क्षणात फुलतात आणि उपवासाला शोभा येते.

पण वाचकहो, हा बटाटा आला कोठून? तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षे तो पिकवीत आले. रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून ते तो साठवीत. वाळवणाची कला तिकडेही होतीच! सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी तो युरोपात नेला. उत्तर हिंदुस्थानाने त्याला ‘आलू’ हे आपल्या जुन्या कंदांचे नाव दिले. मराठीने मात्र पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ हा शब्द तसाच ठेवून घेतला.

आणि तो एकटा नाही. मिरची, शेंगदाणा, रताळे, साबुदाण्याचा कंद ही सारी मंडळी अमेरिकेचीच. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा यांतले काहीही आपल्याकडे नव्हते. उपवासाच्या पानात जुनी म्हणावी ती भगर. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत आदिवासी ती आजही पिकवतात. लासलगावच्या बाजारात ढिगांनी येणारा आपला कांदा मात्र उपवासाला वर्ज्य!

बटाट्याला या सोवळ्या पानात जागा दिली ती, माझ्या मते, घरोघरच्या बायकांनी. पोटभरीचा, टिकाऊ, लेकराबाळांना आवडणारा. एवढे त्यांना पुरले. त्याचे कूळ कोणी विचारले नाही.

माणसाचे मात्र विचारले. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले.

सातासमुद्रांपलीकडच्या कंदाला जे न मागता मिळाले, ते याच मातीतल्या माणसांना मागूनही मिळाले नाही. वर्गात मुले परंपरा म्हणजे काय ते विचारतात, तेव्हा मी या दोन्ही गोष्टी एकाच तासाला सांगतो.