फेरफार, प्रत आणि निर्लेखन : हसनाबादच्या दप्तराचा इतिहास

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानात होते, 1956 मध्ये ते मुंबई राज्यात आले आणि 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात गेले. या स्थित्यंतरांमुळे तेथील जमिनीचे दप्तर 1317 फसलीच्या (1907-08) हैदराबाद जमीन महसूल कायद्यापासून 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेपर्यंत निरनिराळ्या कायद्यांखाली लिहिले गेले. मराठवाड्यात 1954-55 चे खासरा पत्रक आजही हक्काचा मूळ पुरावा म्हणून काढले जाते.

संहितेनुसार खरेदी, वारसा वा वाटणीचा प्रत्येक बदल प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, चढतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यात दुरुस्ती होते. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी घडली हे फेरफार सांगतो.

संगणकाच्या डेटाबेसमध्येही हाच क्रम आहे. तेथे बदल आधी व्यवहार-लॉगमध्ये लिहिला जातो आणि मुख्य सर्व्हर बंद पडल्यास काम चालावे म्हणून ठेवलेला स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, हाच लॉग घेऊन आपली प्रत अद्ययावत करत राहतो. लॉग साचून डिस्क भरते, म्हणून तो काढावा लागतो. परंतु राखीव सर्व्हर मध्येच थांबला तर त्याला ज्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, त्या टप्प्यानंतरची एकही फाइल काढून चालत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 2010 मधील 9.0 आवृत्तीत राखीव सर्व्हरवरील सफाईसाठी स्वतंत्र आज्ञा आली, ती हा टप्पा पाहूनच त्याआधीच्या फाइली हटवते. एकाच संग्रहातून अनेक राखीव सर्व्हर लॉग घेत असतील, तर सर्वांत मागे राहिलेल्याचा विचार करावा लागतो, आणि जुन्या बॅकअपवरून डेटा परत उभा करायचा असेल तर त्यानंतरचा सगळा लॉग हाती असावा लागतो.

महसुली दप्तरात या सफाईला निर्लेखन म्हणतात. कागद 'अ', 'ब', 'क', 'क-1' आणि 'ड' अशा वर्गांत लावले जातात. 'अ' वर्ग कायम, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'क-1' 5 वर्षे आणि 'ड' एक वर्ष, अशी त्यांची मुदत असते. मात्र यंत्राला पुढच्या प्रतीपुरता विचार पुरतो, तसा तो जमिनीच्या नोंदींना पुरत नाही. 2023 मध्ये मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याची कार्यपद्धती ठरवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांची गरज भासली. ते लिहिताना ही गरज कोणाच्याही ध्यानीमनी नव्हती. त्यामुळे हसनाबादसारख्या गावांचे जुने फेरफार आणि खासरा पत्रके यांचे स्कॅनिंग झाले, तरी मूळ कागद निर्लेखनाच्या यादीत जाता कामा नयेत.