पहिलें भांडवल

सुशिक्षित घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें जेवतांना सहज सांगितलें, ‘मला नोकरी नको, मी लहानसा धंदा काढणार,’ तर वडिलांचा घास क्षणभर हातांतच राहतो. मग ते जो पहिला प्रश्न विचारतात तो धंद्याविषयीं नसतो, पैशाविषयीं असतो. ‘भांडवल कोठून आणणार?’ आई कांहीं बोलत नाहीं. परंतु तिचा हात नकळत गळ्याकडे जातो. आपल्याकडील कित्येक धंद्यांचें पहिलें भांडवल तेथूनच आलेलें आहे, हें तिला पुरतें ठाऊक असतें.

हा प्रश्न आजचा नव्हे. गेल्या दीडशें वर्षांत महाराष्ट्रानें त्याचीं निरनिराळीं उत्तरें शोधलीं, आणि त्या शोधाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. पैसा देणारा कोणीहि असो, देण्यापूर्वीं तो घेणाराला एक प्रश्न विचारतो. हा प्रश्न काळाबरोबर कसा बदलत गेला, तेंच आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडावें असा विचार आहे.

सर्वांत जुना प्रश्न सावकाराचा : ‘तारण काय?’ इंग्रजी अमलांत जमीन विकतां व गहाण टाकतां येण्याजोगी वस्तु झाली, कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या मदतीला आला, आणि रोख्यावरील अंगठ्याला पूर्वीं नव्हती एवढी धार चढली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि लवकरच तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. रोखे हातीं आले कीं ते जाळून टाकावयाचे, आणि न दिले तर दंगा, असा प्रकार पुष्कळ ठिकाणीं झाला. सरकारनें चौकशी नेमली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांकरितां कायदा केला. कोर्टानें रोख्यामागील खरा हिशेब तपासावा, असा त्याचा आशय होता. हेतु चांगलाच होता. परंतु सावकाराचा हात आखडला, तर शेतकऱ्यानें जावें कोठें, याचें उत्तर त्या कायद्यांत नव्हतें.

कारागिराची स्थिति तर याहूनहि नाजूक होती. शेतकऱ्याजवळ निदान जमीन तरी होती. विणकराजवळ काय होतें? त्याला सूत उधार मिळे तें व्यापाऱ्याकडून, आणि विणलेलें कापड त्याच व्यापाऱ्याला, त्यानेंच ठरविलेल्या भावानें द्यावें लागे. येथें कर्जाचें व्याज कागदावर दिसत नसे. तें कापडाच्या भावांत लपलेलें असे. माग घरांत असून धंदा आपला नाहीं, अशी ही विचित्र अवस्था होती. ज्याला तारण देतां येत नाहीं त्याला आपलें स्वातंत्र्यच तारण द्यावें लागतें, हें त्या काळानें शिकविलें.

या दुखण्याचें निदान न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं फार लवकर केलें. १८९० सालीं पुण्यास औद्योगिक परिषद भरविण्यांत त्यांचा पुढाकार होता, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं कर्जव्यवहाराच्या पुनर्घटनेवर एक विस्तृत निबंध लिहिला. युरोपांतील देशांनीं लहान शेतकऱ्यांसाठीं पतपेढ्या कशा उभारल्या, तें त्यांनीं त्यांत दाखविलें. त्यापूर्वीं, १८८२ च्या सुमारास, सर विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत एक शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली होती. हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल होतें. पण लंडनहून भारतमंत्र्यांनीं तिला संमति दिली नाहीं. एका तालुक्यापुरता प्रयोग, आणि तोहि फसला नाहीं, तर करूंच दिला नाहीं! पुढील वीस वर्षें हा विषय कागदांतच राहिला.

दुसरा प्रश्न आश्रयदात्याचा. तो तारण मागत नाहीं. तो विचारतो, ‘तूं कोण? तुझ्या अंगीं काय आहे?’ याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगांवास आले, आणि सायकलीच्या दुकानाच्या जोडीला कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. लोखंडाच्या फाळानें जमीन विषारी होते, असा समज त्या वेळीं प्रचलित होता. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षें लागलीं. अशांत बेळगांवची जागा सोडणें भाग पडलें. त्या प्रसंगीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें, व कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन दिली. १९१० सालीं त्या माळावर जी वसाहत उभी राहिली तीच किर्लोस्करवाडी.

या गोष्टींत एक बारकावा आहे, आणि तो धंदा काढूं इच्छिणाऱ्यानें विसरूं नये. राजेसाहेबांनीं पैसा एका कल्पनेला दिला नाहीं. लक्ष्मणरावांचे नांगर तयार झालेले होते, विकलेहि गेलेले होते. त्यांच्या हातांची परीक्षा आधींच झाली होती. कर्ज मिळालें तें चालत्या कामाला. परंतु या मार्गाची मर्यादाहि तितकीच उघड आहे. अशा राजाची ओळख किती जणांना असणार? बेळगांवांत किंवा सोलापुरांत त्याच वेळीं आणखी दहा कसबी माणसें असतील, तर त्यांच्या वांट्याला कोणता माळ आला? आश्रय हा गुणाचा गौरव खरा, पण तो ओळखीच्या वाटेनें चालतो.

मग ज्याला राजा नाहीं त्यानें काय करावें? याचें एक विलक्षण उत्तर अंताजी दामोदर काळे यांनीं काढलें, तें म्हणजे पैसा फंड. प्रत्येकानें वर्षाकाठीं निदान एक पैसा द्यावा, आणि त्या पैशांतून देशी धंदे उभारावे, अशी ही कल्पना. लोकमान्य टिळकांनीं तिला पाठिंबा दिला, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा काचेचा कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथें जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे प्रारंभीं त्याची व्यवस्था होती. हा नुसता कारखाना नव्हता, शाळाहि होती. येथें शिकलेल्या कारागिरांनीं ठिकठिकाणच्या काचधंद्याला हातभार लावला, आणि पहिल्या महायुद्धांत परदेशी काचेची आवक रोडावली तेव्हां त्या शिक्षणाची किंमत कळून आली.

येथें थोडें गणित करून पाहण्यासारखें आहे. त्या वेळीं रुपयाचे पैसे चौसष्ट. लक्ष्मणरावांना एका राजाकडून जे दहा हजार रुपये मिळाले, ते पैसा-पैसा करून जमवावयाचे तर सहा लक्ष चाळीस हजार माणसांपुढें हात पसरावा लागेल. यावरून पैसा फंडाच्या कार्यकर्त्यांचे कष्ट लक्षांत येतात. फंडाचा प्रश्न ‘तूं कोण?’ असा नव्हता. ‘यांत सगळ्यांचें हित काय?’ असा होता. म्हणूनच त्या पैशांतून एक कारखाना आणि एक विद्या उभी राहूं शकली. पण कोपऱ्यावरच्या सुताराला रंधा घेण्यासाठीं त्यांतून कर्ज मिळणें शक्य नव्हतें. लोकवर्गणी ही मोठ्या, सार्वजनिक कामाला शोभते. एकट्याच्या चुलीसाठीं दुसरी व्यवस्था हवी.

ती व्यवस्था जर्मनींतून आली. तेथें १८५० सालीं शुल्झ यांनीं डेलिट्श या गांवीं कारागीर व लहान दुकानदार यांच्यासाठीं परस्परांच्या ठेवींवर चालणारी पेढी काढली. पुढें राइफायझन यांनीं तेंच तत्त्व खेड्यांत नेलें. एकट्या गरिबाची पत शून्य. पण दहा गरीब एकमेकांचे जामीन राहिले तर त्यांची पत उभी राहते, असा हा विचार. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यांत कमीत कमी दहा माणसांनीं एकत्र येऊन संस्था नोंदवावी अशी सोय होती. पुण्यास १९०६ सालीं कॉसमॉस ही संस्था निघाली. मुंबईस १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नानें मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. येथें प्रश्न पालटला. पेढी आतां विचारूं लागली, ‘तुझ्यासाठीं जामीन कोण राहतो?’ शेजाऱ्याच्या विश्वासाला बाजारांत किंमत आली, ही या चळवळीची थोर कामगिरी होय. जामिनाच्या कागदावर भिडेखातर सही करून पुढें पस्तावलेलीं माणसेंहि आपण पाहिलेलीं आहेत; परंतु तो दोष भिडेचा, सहकाराचा नव्हे.

मध्यमवर्गाच्या लहान धंद्यांना बँकेचा दरवाजा उघडावा, म्हणून प्रा. वामन गोविंद काळे प्रभृति मंडळींनीं १९३५ सालीं पुण्यास बँक ऑफ महाराष्ट्र नोंदविली. १९३६ च्या फेब्रुवारींत तिचें काम सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतः या क्षेत्रांत उतरलें. १९५१ च्या कायद्यानें राज्यांना वित्त-महामंडळें काढतां आलीं, आणि १९ जुलै १९६९ रोजीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर कारागीर व लहान उद्योजक यांना कर्ज देणें हें बँकांचें कर्तव्यच ठरलें. १९७२ सालीं अतिगरिबांसाठीं शेंकडा ४ इतक्या अल्प व्याजाची योजना निघाली.

तरीहि दार उघडलें म्हणजे आंत जातां येतेंच असें नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत गिरणीकामगारांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायका पहा. पहाटेपासून चूल पेटलेली, गिऱ्हाईक बांधलेलें, धंदा बारमाही. पण माल वाण्याकडून उधार, आणि नफा त्याच्या वहींत. त्यांच्यापाशीं ना तारण, ना कागद, ना बँकेंत पाऊल टाकण्याचा धीर. प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलें, आणि एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज त्यांना मिळवून दिलें. म्हणजे जर्मनींतील कारागिरांची ती जुनी युक्ति शंभर वर्षांहून अधिक काळानें परळ-लालबागच्या चाळींत कामास आली!

याच्या सोळा वर्षें आधीं, १५ मार्च १९५९ रोजीं, गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं पापड लाटावयास आरंभ केला होता. भांडवल ऐशीं रुपये, आणि तेंहि उसनवार. भारत सेवक समाजाचे छगनलाल करमसी पारेख यांनीं तें दिलें. तोटा झाला तरी देणगी म्हणून कोणाकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, असा त्या स्त्रियांचा आरंभापासूनचा निश्चय होता. लिज्जत पापडाचा पुढील विस्तार सर्वांना माहीत आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो निश्चय. ऐशीं रुपये दान म्हणून मिळाले असते, तर पहिल्या दिवशींच हिशेबाची वही उघडण्याची निकड त्यांना भासली असती कीं नाहीं, कोण जाणे! ते परत करावयाचे होते, म्हणून प्रत्येक पापडाचा हिशेब झाला.

येथें अनुदान आणि कर्ज यांतील भेद ध्यानांत येतो. पुष्कळ तरुण आज सरकारी अनुदानाची चौकशी आधीं करतात, आणि धंद्याची मागाहून. वस्तुतः अनुदान देणारानेंहि पुरती सावधगिरी बाळगलेली असते. २००८ सालीं निघालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिति कार्यक्रमांत सर्वसाधारण अर्जदारानें खर्चाचा दहावा हिस्सा स्वतःचा घालावा, बँकेनें कर्ज द्यावें, आणि सरकारनें त्याला शहरांत शेंकडा १५ व खेड्यांत शेंकडा २५ अनुदान द्यावें, असें ठरलें. दुर्बल गणलेल्या वर्गांना हें प्रमाण अधिक होतें. परंतु तें अनुदान हातांत पडत नाहीं. तें बँकेंत तीन वर्षें ठेव म्हणून राहतें, आणि धंदा चालूं राहिला तरच कर्जांत वळतें होतें. म्हणजे त्याच्या आशेवर पहिल्या महिन्याचें भाडें भरतां येत नाहीं! २०१५ सालच्या मुद्रा योजनेनें तारणावांचून दहा लक्षांपर्यंत कर्जाची सोय केली. सावकाराचा तो पुरातन प्रश्न, निदान कागदोपत्रीं, येथें सुटला. पण त्याच्या जागीं नवा प्रश्न आला : ‘तुझा हिशेब कोठें आहे?’

असो. या सर्व हकीकतींतून आपल्या त्या जेवणाच्या पाटावर काय न्यावें? प्रथम हें, कीं भांडवल मिळालें तें बहुधा चालूं झालेल्या कामाला मिळालें. लक्ष्मणरावांचा नांगर आणि खानावळवाल्यांची चूल कर्जाच्या आधींची होती. म्हणून पैशासाठीं दारोदार जाण्यापूर्वीं, जेवढें घरच्या घरीं करून विकतां येईल तेवढें करून विकावें, आणि त्याची वही ठेवावी. दुसरें असें, कीं ज्या दारीं जावयाचें त्या दाराचा प्रश्न ओळखून जावें. पतपेढीला जामीन दाखवावा, बँकेला हिशेब दाखवावा, आणि सरकारी योजनेला आपला दहावा हिस्सा दाखवावा. तिसरें असें, कीं कर्ज धंद्याला लागेल तेवढेंच घ्यावें. मिळेल तेवढें घेऊं नये.

आणि वडीलधाऱ्यांनाहि एक विनंति. ‘भांडवल कोठून आणणार?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो शेवटचा शब्द म्हणून विचारूं नये. मुलाजवळ कागद-पेन्सिल द्यावी, आणि पहिल्या सहा महिन्यांचा जमाखर्च मांडावयास बसवावें. तो जमला नाहीं, तर मुलगा आपण होऊन थांबेल. तो जमला, तर आईच्या गळ्यांतील दागिना मोडण्यापूर्वीं बाहेर आणखी दारें आहेत, आणि तीं उघडण्यासाठीं आपल्या आधींच्या पिढ्यांनीं पुष्कळ कष्ट घेतले आहेत, एवढें त्याला अवश्य सांगावें.