खाद्य फ्रँचायझी : करारापूर्वीची कायदेशीर पडताळणी

खाद्यपदार्थांच्या ब्रँडचे नाव, पाककृती व विक्रीची पद्धत ठरावीक मुदतीसाठी फी आणि रॉयल्टी देऊन वापरायला घेण्याआधी करायची कागदपत्रांची छाननी. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. व्यवहार मुख्यतः भारतीय करार अधिनियम, १८७२ वर चालतो. अमेरिकेत संघीय नियमानुसार फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्रक द्यावे लागते. त्यात चालू दावे, दिवाळखोरी, बंद पडलेल्या शाखा यांचा तपशील असतो. आपल्याकडे ही सक्ती नसल्याने तीच माहिती घेणाऱ्याने लेखी मागावी. चालू शाखा कंपनी आवडीने दाखवते. खरी माहिती शाखा बंद करून बसलेल्या चालकाकडे मिळते.

पहिली खात्री नावाची. व्यापारचिन्ह नोंदलेले आहे की नुसता अर्ज केला आहे, ते कंपनीच्या नावावर आहे की संस्थापकाच्या, उपाहारगृह सेवांच्या ४३व्या वर्गात आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नावाशेजारची ‘टीएम’ ही अक्षरे नोंदणीचा पुरावा नव्हेत.

‘दोन वर्षांत भांडवल सुटेल’ असे तोंडी सांगितले जाते, आणि कराराच्या शेवटच्या पानांत ‘या कराराबाहेरचे कोणतेही आश्वासन बंधनकारक नाही’ असे कलम असते. विक्रीचा अंदाज ज्या आकड्यांवर काढला ते आकडे म्हणूनच करारालाच जोडून घ्यावेत.

मोठे नुकसान मुदतींच्या विसंगतीतून होते. फ्रँचायझी पाच वर्षांची, गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार मात्र तीन वर्षांचा असेल, तर गाळामालकाने नूतनीकरण नाकारताच सजावट व यंत्रांवरचा खर्च बुडतो. उलट फ्रँचायझी मध्येच रद्द झाली तरी गाळ्याच्या लॉक-इन (मध्येच सोडता न येणाऱ्या) काळाचे भाडे चुकत नाही. कंपनी कोणत्या कारणांनी करार रद्द करू शकते आणि चूक सुधारायला किती दिवस देते, ही कलमे म्हणून आधी वाचावीत. करार चालू असताना स्पर्धक धंदा न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला (१९९५) खटल्यात वैध मानली. करार संपल्यानंतरची तशी बंदी करार अधिनियमाच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही.

अन्नसुरक्षेचा परवाना शाखाचालकाच्या नावावर असेल, तर अन्नाचा नमुना नापास झाल्यावर नोटीस त्यालाच येते. निकृष्ट अन्नाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सॉस किंवा मसाला कंपनीकडूनच घेण्याची सक्ती असल्यास त्यातील दोषाची भरपाई कंपनी करील, असे कलम हवेच. वाद झाल्यास तो सोडवणाऱ्या लवादाचे ठिकाणही पाहावे. नागपूरच्या चालकाला तक्रारीसाठी दिल्ली गाठावी लागली, तर दाव्याच्या रकमेपेक्षा खर्च जड होतो.

रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५ टक्के दराने कर आकारणाऱ्या उपाहारगृहाला त्याची वजावट मिळत नाही. कंपनीच्या नफ्याच्या तक्त्यात हा खर्च धरला आहे का, हे सहीआधी विचारावे.