मरियमची साडी

माढ्याच्या बाजारात फ्रेमच्या दुकानात काबा शरीफ, पंढरीचा विठोबा आणि येशू एकाच भिंतीवर टांगलेले दिसतात. येशू गोरापान. हा चेहरा आला कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. शुभवर्तमानांत त्याच्या रंगरूपाचे वर्णनच नाही. सिरियातील दुरा-युरोपस येथे इ. स. २३५च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रात तो आखूड केसांचा, बिनदाढीचा तरुण आहे. दाढी, लांब केस नंतर आले. गोरेपणा युरोपच्या चित्रकारांनी आपल्या भोवतीची माणसे पाहून दिला. १९४० साली शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने काढलेल्या चित्राच्या कोट्यवधी प्रती निघाल्या आणि तोच चेहरा घरोघर पक्का झाला.

आपल्याकडे ही चित्रे गोव्याच्या वाटेने आली. १५८० साली जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला गेले. अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल त्यांनी अकबराला भेट दिले. छापील चित्रे पाहून दरबारी चित्रकारांनी येशू-मरियम रंगवले. पण आपल्या कलमाने. मरियम त्यांना परकी नव्हती. कुरआनातील एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची आहे. प्रसूतीवेदनांत खजुरीच्या बुंध्याला टेकलेली ती एकाकी स्त्री मुसलमानांना ठाऊक आहे.

गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले गेले. कथा मराठीत बोलू लागली, पण वेदीवरचे चेहरे युरोपीयच राहिले. ते बदलण्याचे धाडस आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराने केले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकून तो परतला. त्याने मरियमला साडी नेसवली, सावळा रंग दिला. गोव्यात त्याच्यावर टीका झाली. तो पुण्याला आला आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढत राहिला. आज त्याची पुष्कळ चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपली आहेत.

गंमत अशी की, पॅलेस्टाइनच्या मरियमला इटालियन पेहराव चालला, साडी मात्र खटकली! परकेपणा सवयीचा झाला की तोच अस्सल वाटतो, आणि आपलेपणा पाखंड ठरतो.

हे दुखणे आम्ही मराठी मुसलमान चांगले ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहूनही 'तुम्ही मराठी छान बोलता हो' असे आम्हाला ऐकावे लागते. इकडे आमच्यातलेच काही जण विचारतात, 'मराठीत कशाला लिहिता?' फोन्सेकाची साडीतली मरियम या दोघांनाही उत्तर देते. श्रद्धा कुठूनही येवो, ती ज्या घरी नांदते त्या घरची होते.