चार बोल्टांचं इंजिन

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. परवा पुण्याहून आत्याचा फोन आला, "बरा आहेस ना रे?" बरा आहे. फक्त हात काळे होते, आणि काळ्या हातांनी कीबोर्डला शिवायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी इथे दक्षिण कॅलिफोर्नियात मी एका आजोबांकडून त्यांचा अर्धवट राहिलेला उद्योग विकत घेतला. फायबरग्लासची एक लाल बॉडी, कापून तोकडी केलेली फोक्सवॅगन बीटलची चासी आणि एका खोक्यात १९७१ चं १६०० सीसीचं इंजिन, तेही सुटं. याला किट कार म्हणतात. म्हणजे बॉडी आणि किडूकमिडूक सामान एकाकडून घ्यायचं, इंजिन-गिअरबॉक्स जुन्या गाडीचा घ्यायचा आणि सगळं आपल्या घरी जोडायचं. बायकोने खोक्यात एकदा डोकावून पाहिलं आणि "भंगारवाला पैसे देतो, तू घेतोस?" एवढंच म्हणाली.

खोकं तसंच पडून राहिलं असतं. पण यंदाच्या उन्हाळ्यात बाबा आले. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३४ वर्षं काढलेला माणूस. इथे आल्यावर आठ दिवसांत त्यांचं वर्तमानपत्र वाचून संपलं, फिरून झालं, आणि दारातून दिसणाऱ्या रिकाम्या रस्त्याकडे ते बघत बसले. हल्ली त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. आपण त्याबद्दल बोलायचं नसतं.

मी खोकं उघडून दाखवलं. बाबांनी पंख्याचं पत्र्याचं घर उचलून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या चेतकचं थोरलं भावंड!"

खरंच आहे. चेतकलाही पाणी नव्हतं, रेडिएटर नव्हता. फ्लायव्हीलवरचा पंखा हवा फेकायचा आणि वरचं टोपण ती हवा सिलिंडरच्या पंखांवरून फिरवायचं. इथे तेच, फक्त चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे निजलेले. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शच्या कचेरीत फ्रान्झ रायमश्पीस या ऑस्ट्रियन अभियंत्याने हा आराखडा काढला. जर्मनीतल्या थंडीत गाडी रात्रभर उघड्यावर राहणार, पाणी गोठून इंजिन फुटणार, म्हणून पाणीच नको, असा साधा हिशेब. गिअरबॉक्सला हे इंजिन धरून असतं ते फक्त चार बोल्टांनी. नळ्या-तारा सोडवल्या की खाली जॅक लावून ते मागे ओढून काढता येतं.

पण ज्यांच्यासाठी म्हणून ते काढलं, त्यांना ते मिळालंच नाही. हा इतिहास मला आधी नीट माहीत नव्हता. इंजिन साफ करता करता रात्री वाचत गेलो. १९३८ मध्ये नाझी सरकारने योजना काढली: आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट वहीत चिकटवायचं, ९९० मार्क झाले की गाडी तुमची. आपली भिशीची वही असते ना, तशीच. ३ लाख ३६ हजारांवर लोकांनी पैसे भरले. त्या योजनेत गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू झालं आणि कारखाना लष्करी वाहनं बनवू लागला. तिथे राबणाऱ्यांत पुढे दोन-तृतीयांशाच्या आसपास लोक वेठबिगार होते, पोलंडहून, रशियाहून धरून आणलेले, छळछावणीतले कैदीही. पैसे भरणाऱ्यांचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि १९६१ मध्ये तडजोड झाली: नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

हे वाचलं त्या रात्री मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वही जपून ठेवली असेल रे लोकांनी."

कारखाना वाचला तो एका इंग्रज मेजरमुळे. आयव्हन हर्स्ट ऑगस्ट १९४५ मध्ये तिथे पोचला तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी छपरं उडालेली होती. त्याने सांडपाण्याची वाट मोकळी करण्यापासून सुरुवात केली, आणि ब्रिटिश लष्कराकडून २०,००० गाड्यांची मागणी आली. १९४६ मध्ये दहा हजारांच्या वर गाड्या बाहेर पडल्या. तिथून सुरू झालेली बीटल शेवटी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत प्वेब्लाला थांबली. एकूण २ कोटी १५ लाखांच्या वर.

अमेरिकेत ही गाडी गरीब विद्यार्थ्यांची, हिप्पींची झाली. १९६९ मध्ये जॉन म्यूर नावाच्या, विमान कंपनीतली नोकरी सोडलेल्या अभियंत्याने ती घरी दुरुस्त करायचं पुस्तक काढलं. 'ठार अडाण्यांसाठी' अशा अर्थाचे शब्द त्याने मुखपृष्ठावरच घातले होते. माझ्यासाठीच, म्हणा ना.

आणि याच किनाऱ्यावर न्यूपोर्ट बीचला ब्रूस मायर्स होता. होड्या बांधणारा, फायबरग्लासात हात बसलेला माणूस. १९६४ मध्ये त्याने बीटलच्या इंजिनावर वाळूत पळणारी लाल बग्गी बनवली, मायर्स मँक्स. सुरुवातीच्या गाड्या महाग पडल्या, मग त्याने बीटलचीच चासी तोकडी करून तिच्यावर बसेल असं किट विकायला काढलं. १९६७ च्या एप्रिलमध्ये तो आणि टेड मँगल्स बाहा कॅलिफोर्नियात ला पाझहून निघाले आणि ३४ तास ४५ मिनिटांत तिहुआनाला पोचले. मोटरसायकलींचा विक्रम पाच तासांनी मोडला. त्यानंतर मागणी उसळली आणि नकलाही. मायर्सने पेटंटसाठी दावा लावला, तो हरला. त्याने साधारण सहा हजार किटं विकली. नकलांचा अंदाज दोन-अडीच लाखांचा सांगतात. १९७१ मध्ये त्याची कंपनी बंद पडली.

आता सांगायला लाज वाटते, पण माझी लाल बॉडी त्या दोन-अडीच लाखांतलीच एक आहे. मायर्स २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी गेला. त्याला त्यातून एक पैसाही मिळाला नसणार.

असो. इंजिनाकडे वळू. आमची वाटणी ठरली: हात माझे, कान आणि डोकं बाबांचं. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं, उभं चिरलेल्या पेरूसारखं दोन फाकांचं. फाका उघडल्या तर मधल्या बेअरिंगची बैठक झिजलेली. एका मशीनशॉपमध्ये ती बोअर करून आणली, मोठ्या मापाची बेअरिंगं घातली. आधीच्या मालकाने दिसायला छान म्हणून सिलिंडरखालचे पत्रे काढून टाकले होते. बाबांनी ते हुडकून आणायलाच लावले. "चेतकचं टोपण काढून हिंडणारी पोरं आठवतात का? पिस्टन धरला की यायची ढकलत." हवेवरच्या इंजिनात पत्रा हाच रेडिएटर, हे मला तेव्हा कळलं.

राहता राहिली क्रँकची पुढे-मागे सरक. फ्लायव्हीलच्या मागे तीन पातळ चकत्या असतात, त्यांच्या जाडीवर ती ठरते. ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर. बाबांचं विमान दोन दिवसांवर आलेलं. मी डायल गेज लावलं, ०.१० आलं. खूश!

"नट पूर्ण आवळलास?" बाबांनी विचारलं.

तो मधला नट ३० किलोग्रॅम-मीटरला आवळायचा असतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला तीस किलो. मी तो हाताला लागेल इतपत आवळून मापलं होतं.

"नंतर आवळतो की, बाबा. माप तेच राहणार."

"पुन्हा मोज."

"बाबा, परवा विमान आहे तुमचं. इंजिन ऐकून जायचंय ना?"

ते काही बोलले नाहीत.

जायच्या आदल्या संध्याकाळी इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मुलं नाचली, बायकोनेही टाळ्या वाजवल्या. नवा कॅमशाफ्ट बसावा म्हणून वीस मिनिटं दोन हजार फेऱ्यांवर ठेवायचं होतं. बाबा पंख्याच्या घरावर तळवा ठेवून उभे होते, आणि माझ्या लक्षात आलं, की त्या थरथरीत त्यांच्या हाताची थरथर दिसतच नव्हती. बाराव्या मिनिटाला त्यांनी हात काढला. "जड होतंय. बंद कर."

बंद करून पुली हाताने फिरवून पाहिली. घट्ट. नट पुरता आवळल्यावर सरक उरली होती जेमतेम ०.०३, आणि तापल्यावर तेवढीही नाही. मला वाटलं, आता बोलणार. बाबा म्हणाले, "चारच बोल्ट आहेत. काढ."

रात्री साडेदहाला इंजिन जमिनीवर होतं. बेअरिंग वाचलं होतं. पातळ चकती मात्र हवी होती आणि ती मागवावी लागणार होती. दुसऱ्या दिवशी मी बाबांना विमानतळावर सोडलं.

ज्यांनी पैसे भरले त्यांना हे इंजिन मिळालं नाही. मायर्सला त्याच्या बग्गीचा आकारही राखता आला नाही. मग हे आहे कुणाचं? मला वाटतं, कोर्ट काहीही म्हणो, ते उघडून परत नीट बंद करता येतं त्याचं. त्या हिशेबाने अजून तरी ते बाबांचंच आहे. मी शिकतोय.

चकती आठवड्याने आली. बसवली, मापलं, फोन लावला. त्यांनी आधी चालू झालं का ते विचारलंच नाही.

"किती आलं?"

"०.१०."

"नट आवळून?"

"हो बाबा. आवळून."