परदेशात फोन आपल्याला कसा ओळखतो? रोमिंगचा इतिहास

दुबई किंवा सिंगापूरला विमान उतरतं, आपण फोन चालू करतो आणि मिनिटभरात तिथल्या कुठल्यातरी कंपनीचं नाव पडद्यावर दिसतं. त्या कंपनीला आपण कधी एक रुपयाही दिलेला नसतो, तरी ती आपल्याला आत घेते. हे कसं होतं, आणि त्याचे इतके पैसे का पडतात, ते आज इतिहासातून समजून घेऊ.

सुरुवात तारेपासून करू. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्राखालून केबल टाकली. पुढे सुएझमार्गे ती लंडनला जोडली गेली. १९२७ मध्ये बिनतारी सेवा आली. तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि संदेश झेलणारं केंद्र दौंडला. या दोन्ही काळांत खर्च खरोखरच अंतराचा होता. हजारो मैल केबल किंवा उंच मनोरे, आणि ते सांभाळणारी माणसं. म्हणून तारेत शब्दागणिक पैसे पडत आणि लोक एकेक शब्द मोजून लिहीत. परदेश म्हटलं की महाग, हे आपल्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

मोबाइल आला तेव्हा मात्र प्रश्न वेगळा होता. १९८० च्या दशकात युरोपात प्रत्येक देशाची मोबाइल यंत्रणा निराळी होती. बहुतेक ठिकाणी सीमा ओलांडली की फोन निकामी. म्हणून ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी एका करारावर सह्या केल्या. सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची, तिचं नाव जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये या पद्धतीवरचा पहिला कॉल झाला. तो केला माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी.

जीएसएममधली सर्वांत मोठी कल्पना म्हणजे सिम कार्ड. त्याआधी ग्राहकाची ओळख फोनच्या यंत्राशीच बांधलेली असे. सिमने ती यंत्रातून बाहेर काढली. पुढे १९९२ मध्ये फिनलंडच्या टेलिकॉम फिनलंडने ब्रिटनच्या व्होडाफोनशी पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार केला. आता फिनलंडचं सिम लंडनमध्ये चालू केलं की ब्रिटिश कंपनी फिनलंडच्या कंपनीला विचारते, हा तुमचाच ग्राहक ना? तिकडून होकार आला की दार उघडतं. आजही दुबईत आपल्या फोनचं नेमकं हेच होतं.

डेटाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. रोमिंगवर आपण पॅरिसमध्ये बसून एखादी साइट उघडली, तर ती मागणी बहुतेक वेळा आधी भारतातल्या आपल्या कंपनीकडे येते आणि तिथून इंटरनेटवर जाते. उत्तरही त्याच वाटेने परत. म्हणून रोमिंगवर नेट कधी कधी रेंगाळतं.

मग महागाई कशाची? यजमान कंपनी आपल्या कंपनीकडून घाऊक दर घेते, आपली कंपनी त्यावर स्वतःचा नफा चढवते. ग्राहक परक्या देशात अडलेला असतो, त्याच्याकडे निवड नसते. म्हणजे हा पैसा अंतराचा कमी आणि कराराचा जास्त.

हे परदेशापुरतंच होतं असंही नाही. आपल्याकडे परवाने सर्कलनुसार होते. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, पण मुंबईचं सर्कल वेगळं. बेळगाव कर्नाटकात, बडोदा गुजरातेत, इंदूर मध्य प्रदेशात. पुण्याचं सिम घेऊन इंदूरला गेलात तर आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. हवेत कुठेही रेघ नव्हती, ती परवान्याच्या कागदावर होती. कागद बदलला आणि रेघ पुसली गेली.

युरोपातही हेच घडलं. २००७ मध्ये युरोपीय संघाने रोमिंगवर केलेल्या कॉलचा दर जास्तीत जास्त मिनिटाला ४९ सेंट असा बांधून दिला. डेटाच्या बिलाने लोक हादरत होते, म्हणून १ जुलै २०१० पासून ५० युरोंवर डेटा आपोआप थांबवण्याची सोय सक्तीची झाली. डेटाचा दर २०१२ मध्ये एमबीला ७० सेंट ठरला, २०१४ मध्ये २० सेंट. आणि १५ जून २०१७ पासून संघाच्या देशांत वाजवी वापरापुरतं रोमिंगचं वेगळं शुल्कच गेलं. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर मात्र तिथल्या काही कंपन्यांनी ते पुन्हा सुरू केलं. मनोरे तेच, केबलही त्याच. फक्त नियमाचं बंधन गेलं होतं.

आता पुढचा टप्पा ई-सिमचा. प्लॅस्टिकचं कार्डच नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की फोनमध्ये दुसरी ओळख उतरते. २०१८ च्या आयफोन एक्सएसपासून ही सोय सामान्य प्रवाशाच्या हाती येऊ लागली. त्यामुळे एका फोनमध्ये आपला भारतातला नंबर आणि त्या देशातला स्वस्त डेटा, दोन्ही एकत्र राहतात. अडलेल्या ग्राहकाला पहिल्यांदाच खरी निवड मिळाली.

पण भारतीय प्रवाशाने एक गोष्ट विसरू नये. आपला नंबर आता फक्त बोलण्याचा राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी, यूपीआय, आधार, सगळं त्याला जोडलेलं आहे. आखातात वर्षानुवर्षं राबणारा कामगार असो की मुलीकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा, नंबर बंद पडला तर स्वतःच्याच खात्याचं दार बंद होतं. म्हणून निघण्यापूर्वी भारतीय सिम चालू राहील एवढं रिचार्ज करा. परदेशात एसएमएस येतील का, ते कंपनीला विचारून घ्या. त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा आणि नेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम वापरा.

आणि रोमिंग पॅकचा आकडा पाहून कोणी म्हणालं, परदेश आहे, महाग असणारच, तर त्याला इंदूरची गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात.